राखणदार चोर का झाले?

जामनेरच्या दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर दिसतो ना? १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, तेव्हा तो भिल्लांच्या धाडींसाठी बदनाम होता. जातच चोरांची, असा शिक्का बसलेला. खरं तर गावांची आणि घाटांची राखण त्यांच्याकडेच असायची. पण लढायांनी, दुष्काळानं गावं ओस पडली, राखणीचे हक्क बुडाले. मग पोट कशावर भरणार?

१८२५ मध्ये बावीस वर्षांचा जेम्स आउट्रम इथं आला. आधी त्यानंही बंदूकच चालवली. नंतर भिल्लांसोबत शिकारीला जाऊन विश्वास मिळवला आणि धरणगावला त्यांचीच पलटण उभारली. इतरांना सरकारनं शेतीसाठी जमीन, तगाई दिली. इंग्रजांना आपलं राज्य टिकवायचं होतं, हे खरंच. पण माणसं तीच राहिली, परिस्थिती बदलली आणि धाडी ओसरल्या.

आउट्रम १८६३ मध्ये वारला. आठच वर्षांत, १८७१ ला, त्याच सरकारनं कायदा करून अनेक जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं! तो कायदा जायला १९५२ उजाडलं.

तेव्हा गावात चोरी झाली की लगेच एखाद्या वस्तीकडे बोट दाखवू नका. आधी विचारा, तिथल्या हातांना काम आहे का?