जिगोरो कानो

जपानातील मिकागे गावी १८६० साली जिगोरो कानोचा जन्म झाला. बालपणीच आई वारली. पुढे तो शिक्षणासाठी टोकियोस आला. बुद्धीने तल्लख, पण देहाने किरकोळ असल्याने शाळेतील दांडगी मुले त्याला छळीत. जुजुत्सु विद्येने दुबळाही बलवानास लोळवितो, असे त्याच्या कानी आले. परंतु १८६८ नंतरच्या नव्या जपानात ही जुनी विद्या कोणास नकोशी झाली होती.

अखेर १८७७ साली फुकुदा हे गुरू लाभले. डावाचे मर्म विचारले, की ते उत्तर न देता शिष्याला पुन्हा आपटीत! तेथील एका धिप्पाड सोबत्यापुढे जिगोरोचे काही चालेना. तेव्हा त्याने ग्रंथालय गाठले, पाश्चात्य कुस्तीची पुस्तके चाळली, एक डाव निवडून घोटला. आणि एके दिवशी त्या सोबत्याला खांद्यावर उचलून खाली टाकले.

१८८२ साली टोकियोतील एका बौद्ध मंदिरात, बारा चटयांच्या जागेत, कानोंनी कोदोकान ही शाळा काढली. शिष्य अवघे नऊ. घातक डाव त्यांनी नेहमीच्या झुंजीतून वगळले. प्रतिस्पर्ध्याचा तोल कसा ढळतो, हे ते शिष्यांना उकलून सांगत. ह्या विद्येस त्यांनी ज्यूदो म्हटले.

१९०९ साली ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सभासद झाले. १९३८ साली कैरोतील बैठकीहून परतताना जहाजावरच त्यांचे निधन झाले. १९६४ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये ज्यूदोला स्थान मिळाले. तेथे खुल्या गटात जपानी मल्लास हरवून गेसिंक ह्या डच खेळाडूने सुवर्णपदक पटकावले.