गाडीवरचा विंचू कुठून आला? सायलेन्सर विकून रेसिंगचं साम्राज्य उभं करणाऱ्या कार्लो अबार्थची गोष्ट

नवी गाडी घ्यायला शोरूममध्ये गेलात की सेल्समन एक तक्ता पुढे सरकवतो. त्यात एकाच गाडीची पाच-सहा व्हेरियंट्स असतात. खालच्या ओळीत साधी गाडी आणि वरच्या ओळीत तीच गाडी, पण नावापुढे काहीतरी जोडलेलं. जीटी, एन लाइन, एम स्पोर्ट, आरएस. मागे एक चकचकीत बॅज, सीटवर लाल शिलाई आणि किमतीत घसघशीत फरक.

मग प्रश्न पडतो, हे पैसे नेमके कशाचे? इंजिनाचे की बॅजचे?

हा प्रश्न आजचा नाही. साध्यासुध्या गाडीला स्पोर्टी बनवून तिला वेगळं नाव आणि वेगळा बिल्ला द्यायचा, या धंद्याचा पाया ज्यांनी घातला, त्यातलं एक मोठं नाव म्हणजे कार्लो अबार्थ. त्याच्या बिल्ल्यावर विंचू होता. हा विंचू पुढे पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावपर्यंतही पोहोचला.

सुरुवात दोन चाकांवर

१५ नोव्हेंबर १९०८ रोजी ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात त्याचा जन्म झाला. तेव्हा त्याचं नाव होतं कार्ल. तरुणपणी तो मोटरसायकलच्या कामात शिरला आणि लवकरच रेसमध्ये उतरला. एका अपघातानंतर तो साइडकारकडे, म्हणजे बाजूला तिसरं चाक जोडलेल्या मोटरसायकलकडे वळला. नुसती चालवून त्याचं समाधान होत नव्हतं, म्हणून साइडकारही त्याने स्वतःच डिझाइन केली.

१९३४ मध्ये त्याने एक अचाट पैज लावली. ओरिएंट एक्सप्रेस ही त्या काळातली युरोपातली सगळ्यात गाजलेली रेल्वे. व्हिएन्ना ते बेल्जियममधलं ओस्टेंड या सुमारे १३०० किलोमीटरच्या प्रवासात कार्लने साइडकारवर बसून त्या रेल्वेला हरवलं. त्याचं नाव युरोपभर झालं.

पण दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युगोस्लाव्हियात त्याचा पुन्हा अपघात झाला. हा इतका गंभीर होता की मोटरसायकल रेसिंग कायमचं सुटलं. युद्ध संपल्यावर तो इटलीतल्या मेरानो गावात स्थायिक झाला, इटलीचं नागरिकत्व घेतलं आणि कार्लचा कार्लो झाला.

बुडत्या कंपनीतून उभी राहिलेली कंपनी

पोर्शे कुटुंबाशी त्याची जुनी ओळख होती. त्या ओळखीतून तो चिसितालिया नावाच्या इटालियन रेसिंग कंपनीत गेला आणि तिथल्या रेसिंग टीमचं काम पाहू लागला. कंपनीची स्वप्नं मोठी होती, पण खिसा लहान. पोर्शेकडून डिझाइन करून घेतलेल्या महागड्या रेस कारपायी ती बुडाली.

अबार्थच्या पदरात काही रेस गाड्या आणि सुटे भाग पडले. तेवढ्या भांडवलावर त्याने १९४९ मध्ये भागीदारासोबत स्वतःची कंपनी काढली, अबार्थ अँड कंपनी. बिल्ल्यासाठी त्याने विंचू निवडला. कारण अगदी साधं होतं. पाश्चात्त्य पद्धतीत जन्मतारखेवरून ठरणारी त्याची रास वृश्चिक होती.

पुढच्याच वर्षी या विंचवाला एक मोठा मान मिळाला. ताझिओ नुवोलारी हा इटलीचा दंतकथा बनलेला रेसर. एप्रिल १९५० मध्ये सिसिलीतल्या डोंगरी शर्यतीत तो अबार्थची गाडी घेऊन उतरला आणि आपल्या गटात पहिला आला. त्याच्या कारकिर्दीतली ती शेवटची शर्यत ठरली.

पैसा आला सायलेन्सरमधून

मान मिळाला तरी रेसिंगने पोट भरत नाही, उलट खिसा रिकामा होतो. मग अबार्थने एक वस्तू विकायला काढली, ती म्हणजे सायलेन्सर.

आपल्याकडे बुलेटला फटाके फोडणारे सायलेन्सर लावतात आणि मग पोलीस ते जप्त करून त्यावर रोड रोलर फिरवतात. अबार्थच्या सायलेन्सरचाही आवाज भारदस्त होता, पण त्याचं मुख्य काम वेगळं होतं. इंजिनात पेट्रोल जळल्यावर जो धूर तयार होतो, तो जितका मोकळेपणाने बाहेर पडेल, तितकं इंजिन कमी धापा टाकतं. जुन्या सायलेन्सरमध्ये हा धूर अडत-वळत जायचा. अबार्थने त्याला सरळ वाट दिली. त्यामुळे ताकद थोडी वाढली आणि आवाज बराच बदलला.

साध्या नोकरदाराला रेस कार परवडत नव्हती, पण सायलेन्सर परवडत होता. तो बसवला की आपल्या गाडीतही थोडा विंचू उतरल्याचं समाधान मिळायचं. हा माल लाखोंच्या संख्येने खपला आणि या पैशावर अबार्थचं रेसिंग चाललं. १९५१ मध्ये त्याने कंपनी तुरिन शहरात हलवली. तुरिन म्हणजे फियाटचं गाव.

फियाटच्या छोट्या गाड्या आणि मोठी भूक

फियाट म्हटलं की मराठी माणसाला मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवते. ती प्रीमियर पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११०० होती. इटलीत मात्र सर्वसामान्यांच्या गाड्या त्याहून लहान होत्या. १९५५ ची फियाट ६०० आणि १९५७ ची फियाट ५००. सुरुवातीच्या ५०० ची ताकद होती फक्त १३ हॉर्सपॉवर, म्हणजे आजच्या १५० सीसी बाइकच्या आसपास.

अबार्थला अशाच गाड्या हव्या होत्या. स्वस्त, हलक्या आणि घरोघरी असलेल्या. फेब्रुवारी १९५८ मध्ये त्याने आपली तयार केलेली फियाट ५०० मोंझाच्या ट्रॅकवर उतरवली. तिची ताकद त्याने वाढवून दुप्पट केली होती. ही गाडी सात दिवस आणि सात रात्री, म्हणजे १६८ तास धावत राहिली, तीही ताशी सरासरी १०८ किलोमीटरने. सहा विक्रम तिच्या नावावर झाले.

फियाटसाठी ही फुकटातली जाहिरात होती. छोटी म्हणून जिला लोक नाकं मुरडत होते, तीच गाडी आठवडाभर न थकता पळाली होती. पुढे फियाटने अबार्थला विजयांवर आणि विक्रमांवर पैसे द्यायला सुरुवात केली.

बॅज वाचायचा कसा?

याच काळात अबार्थच्या गाड्यांची नावं ठरत गेली. दिसायला ही नावं सांकेतिक वाटतात, पण ती वाचायला सोपी आहेत. आकडा म्हणजे इंजिन किती सीसीचं, आणि अक्षरं म्हणजे त्यावर किती काम केलंय.

१९६३-६४ मधली ही उतरंड बघा. सगळ्या गाड्यांचा पाया एकच, साडेसतरा हॉर्सपॉवरची फियाट ५००.

- ५९५ : इंजिन साधारण ५९५ सीसी, ताकद २७ हॉर्सपॉवर
- ५९५ एसएस : इंजिन तेवढंच, पण ताकद ३२ हॉर्सपॉवर
- ६९५ : इंजिन साधारण ६९० सीसी, ताकद ३० हॉर्सपॉवर
- ६९५ एसएस : ताकद ३८ हॉर्सपॉवर

एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट. इटालियनमध्ये त्याचा उच्चार एस्से-एस्से होतो. फियाट ६०० वर बनलेल्या गाड्यांना टीसी लावलं जायचं, टीसी म्हणजे तुरिस्मो कॉम्पेतित्सिओने. घरच्या वापराची गाडी, पण स्पर्धेसाठी तयार केलेली. ८५० टीसी आणि १००० टीसी या त्यातल्या गाजलेल्या गाड्या. इंजिन गरम होऊ नये म्हणून या गाड्या मागचं झाकण अर्धवट उघडं ठेवूनच धावायच्या. १००० टीसीने १९६५, १९६६ आणि १९६७ अशी सलग तीन वर्षं युरोपियन टूरिंग कार स्पर्धेत छोट्या गाड्यांचा गट जिंकला.

ज्यांना तयार गाडी परवडत नव्हती, त्यांच्यासाठी लाकडी पेटीत भरलेलं किट मिळायचं. पेटी आणायची, मेकॅनिककडे द्यायची, भाग बसवून घ्यायचे आणि शेवटी विंचवाचा बिल्ला लावायचा.

हा क्रम महत्त्वाचा होता. आधी भाग, मग बिल्ला. रस्त्यावर कुणाच्या गाडीवर एसएस दिसलं, तर आत कोणतं काम झालंय हे जाणकाराला गाडी न उघडता कळायचं.

सफरचंदं खाऊन विक्रम

अबार्थ किती हट्टी होता, हे १९६५ मध्ये दिसलं. मोंझावर आणखी एक विक्रम करायचा होता. गाडी एका माणसापुरती, इतकी अरुंद की धिप्पाड अबार्थ तिच्यात मावेना. त्याने गाडी रुंद केली नाही, स्वतःचं वजन घटवलं. सफरचंदांवर राहून त्याने सुमारे ३० किलो वजन कमी केल्याचं सांगतात. ऑक्टोबरमध्ये, सत्तावन्नावा वाढदिवस काही आठवड्यांवर असताना, त्याने स्वतः गाडी चालवून वेग घेण्याचे विक्रम केले.

नाव विकलं जातं तेव्हा

पण रेसिंगचा खर्च वाढतच होता. १९७१ मध्ये अबार्थने कंपनी फियाटला विकली. काही काळानंतर तो व्हिएन्नाला परतला आणि २४ ऑक्टोबर १९७९ रोजी तिथेच त्याचं निधन झालं.

कंपनीसोबत त्याचं नाव आणि विंचूही फियाटचे झाले. सुरुवातीला फियाटने दोन्हींचा मान राखला. फियाट १३१ अबार्थने १९७७, १९७८ आणि १९८० मध्ये जागतिक रॅलीचं विजेतेपद मिळवून दिलं.

नंतर मात्र गाडी घसरली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी फियाटच्या सेइचेंतो या छोट्या गाडीला अबार्थ पॅक मिळू लागला. त्यात स्पॉयलर होता, बाजूच्या पट्ट्या होत्या, बिल्ला होता. इंजिन मात्र साध्या स्पोर्टिंग व्हेरियंटचंच, ५४ हॉर्सपॉवरचं. विंचू होता, पण नांगी नव्हती. ज्या माणसाने आयुष्यभर आधी भाग आणि मग बिल्ला हा क्रम पाळला, त्याच्या नावाने नुसता बिल्ला विकला जात होता. आणि तो आक्षेप घ्यायला हयात नव्हता.

विंचू रांजणगावात

२००७ मध्ये फियाटने अबार्थला पुन्हा स्वतंत्र ब्रँड केलं. १५५ हॉर्सपॉवरची ग्रांदे पुंटो आली, मग १३५ हॉर्सपॉवरची ५००. एस्से-एस्से किटही परतलं आणि तेही लाकडी पेटीतूनच. ते बसवलं की ५०० ची ताकद १६० हॉर्सपॉवर व्हायची. एक गंमत मात्र उरली. ५९५ हे नाव परत आलं, तेव्हा इंजिन होतं १३६८ सीसीचं. जो आकडा एकेकाळी माप होता, तो आता आठवण झाला.

२०१५ मध्ये अबार्थ भारतात आली. फियाटच्या रांजणगावच्या कारखान्यात बनलेली अबार्थ पुंटो १४५ हॉर्सपॉवरची होती आणि तिची किंमत दहा लाखांच्या आसपास होती. त्याच वेळी अव्हेंचुरा या गाडीचंही एक व्हेरियंट आलं, त्यावर लिहिलं होतं पॉवर्ड बाय अबार्थ. ताकद १४० हॉर्सपॉवर. शब्द नीट वाचले तर फरक कळतो. पहिली अख्खी गाडी अबार्थ म्हणून विकली जात होती, दुसरीत अबार्थचं नाव इंजिनापुरतं होतं. पुढच्या काही वर्षांत फियाटने भारतातल्या आपल्या गाड्यांची विक्रीच थांबवली.

आजच्या तक्त्याचं काय?

अबार्थच्या आयुष्यात दिसलेल्या तिन्ही पायऱ्या आज जवळपास प्रत्येक कंपनीकडे आहेत. सगळ्यात खाली नुसता साज. मध्ये थोडं खरं काम. सगळ्यात वर पूर्ण वेगळी गाडी.

उदाहरणार्थ, भारतात २०२१ मध्ये आलेल्या ह्युंदाई आय२० एन लाइनमध्ये इंजिन साध्या आय२० टर्बोचंच होतं. सस्पेन्शन आणि एक्झॉस्टमध्ये मात्र बदल होते. परदेशात विकली गेलेली आय२० एन ही वेगळीच गाडी होती, तिची ताकद दोनशे हॉर्सपॉवरच्या पुढे. नावात फरक फक्त एका शब्दाचा. बीएमडब्ल्यूचंही तसंच. एम स्पोर्ट हे साध्या ३ सिरीजवरही मिळतं, एम३ ची गोष्ट निराळी.

यात फसवणूक आहे असं नाही. लाल शिलाई आवडली म्हणून कुणी पैसे मोजले, तर तो त्याचा आनंद. पण तक्त्यातली वरची ओळ निवडण्याआधी सेल्समनला चार गोष्टी विचाराव्यात. इंजिनाची ताकद वाढली का? ब्रेक बदलले का? सस्पेन्शन बदललं का? एक्झॉस्ट बदलला का? चारही उत्तरं नाही आली, तर पैसे बिल्ल्याचे आहेत.

२०२३ पासून युरोपात अबार्थची ५०० इलेक्ट्रिक रूपात विकली जाऊ लागली. तिच्यात इंजिन नाही, धूर नाही आणि सायलेन्सरही नाही. म्हणून कंपनीने तिला एक स्पीकर दिलाय, जो जुन्या पेट्रोल अबार्थचा आवाज काढतो. नको असेल तर तो बंदही करता येतो.