वऱ्हाडचा नवाब

वऱ्हाडच्या काळ्या मातीने सावकार घडवले, तसे वकीलही घडवले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि तिथल्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडे लागले. पैसा आला, त्यामागून तंटे आले, कोर्टकचेऱ्या आल्या. मी मेहकर तालुक्यातल्या डोणगावचा. कापसाच्या मुलखात वाढल्यामुळे असेल, पण दादासाहेब खापर्डे यांचे चरित्र मला घरचे वाटते.

गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांचा जन्म १८५४ चा. एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण, १८८४ मध्ये एलएल.बी., मग काही वर्षे सरकारी नोकरी. १८९० मध्ये ती सोडून त्यांनी अमरावतीत वकिली थाटली. बिनतोड युक्तिवाद आणि चिमटे काढणारा विनोद यांनी कोर्टही जिंकले, सभाही जिंकल्या. राहणी अशी ऐटबाज, की लोक त्यांना वऱ्हाडचे नवाब म्हणू लागले. १८९७ मध्ये अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते.

या नवाबीची खरी कसोटी १९०८ मध्ये लागली. २२ जुलैला लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. पुढच्याच महिन्यात दादासाहेब भरात आलेली वकिली सोडून विलायतेला निघाले. प्रिव्ही कौन्सिलमध्ये दाद मागितली. ती फेटाळली गेली. तरी ते लगेच परतले नाहीत. दोन वर्षांहून अधिक काळ तिथे राहून मित्राच्या सुटकेसाठी खटपट करीत राहिले. इकडे संसाराचा भार पत्नी लक्ष्मीबाईंवर होता. १९१० मध्ये ते परतले, तेव्हा मित्र मंडालेच्या तुरुंगातच होता आणि वकिलीची घडी विस्कटली होती. त्याच डिसेंबरात ते शिर्डीला साईबाबांच्या दर्शनाला गेले. पुढच्या वर्षाअखेरीस पुन्हा जाऊन तीन महिन्यांहून अधिक राहिले. त्यांची तिथली रोजनिशी आज भक्त आवडीने वाचतात.

१९२० मध्ये टिळक गेले. गांधीजींचा असहकार दादासाहेबांना पटला नाही. ते कौन्सिलच्या राजकारणात राहिले आणि लोकप्रियता ओसरली. १ जुलै १९३८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे राजकारण कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. मला मोठी वाटते ती त्यांची मैत्री. अडचणीतल्या मित्राला भेटायला आपण सगळेच जातो. त्याच्यासाठी आपले चालते दुकान बंद करणारा विरळा.