क्लारा शूमान : दहा बोटांवरचा संसार

आपल्याकडे गवई गाता गातानाच रचना करीत असतो. युरोपीय संगीतात वाजविणे आणि रचणे ही दोन कामे पुष्कळदा वेगळी पडतात. रचना कागदावर उतरवावी लागते आणि त्यासाठी निवांत वेळ लागतो. हा वेळच ज्यांच्या वाट्याला आला नाही, अशा कलावंतांत क्लारा शूमान यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

क्लाराचा जन्म १३ सप्टेंबर १८१९ रोजी जर्मनीतील लाइपझिग येथे झाला. वडील फ्रीडरिश वीक हे पियानोचे नामांकित शिक्षक. आईवडील विभक्त झाले आणि मुलगी वडिलांच्या कडक तालमीत वाढली. नवव्या वर्षी, १८२८ मध्ये, तिने लाइपझिगच्या प्रसिद्ध गेवांडहाउस सभागृहात प्रथम वादन केले. १८३५ मध्ये पियानो व वाद्यवृंद यांसाठी तिने स्वतः रचलेला कॉन्चेर्टो तेथेच झाला, तोही मेंडेल्सझोनच्या संचालनाखाली. त्या वेळी ती अवघी सोळा वर्षांची होती.

वडिलांचेच शिष्य रॉबर्ट शूमान यांच्याशी तिचे मन जुळले. वडिलांनी कडवा विरोध केला. प्रकरण न्यायालयात गेले. अखेर १२ सप्टेंबर १८४० रोजी, एकविसावे वर्ष पुरे होण्याच्या आदल्या दिवशी, विवाह झाला.

पतिपत्नींचे एकमेकांवर प्रेम होते, परंतु घर एकच आणि कान दोघांचेही तीक्ष्ण! रॉबर्ट रचना करीत असले की क्लाराबाईंचा पियानो बंद राही. त्यातच चौदा वर्षांत आठ अपत्ये झाली. तरीही १८४६ मध्ये त्यांनी पियानो, व्हायोलिन व चेलो यांसाठी एक सुंदर त्रिवादन रचले. १८५३ च्या उन्हाळ्यात तर एकामागून एक रचना हातून उतरल्या.

पण तो बहर शेवटचाच ठरला. फेब्रुवारी १८५४ मध्ये मनोविकाराने ग्रासलेल्या रॉबर्ट यांनी ऱ्हाइन नदीत उडी घेतली. ते वाचले, पण त्यांना बॉनजवळच्या मनोरुग्णालयात ठेवावे लागले. क्लाराबाई तेव्हा गर्भवती होत्या. डॉक्टरांनी भेटीस मनाई केली. भेट झाली ती जुलै १८५६ मध्ये, मृत्यूच्या दोन दिवस आधी.

पदरी सात मुले. मित्रांनी देऊ केलेले साहाय्य न घेता क्लाराबाई वादनाच्या दौऱ्यांवर निघाल्या. रेल्वेचा प्रवास, सततचा सराव, हातांचे दुखणे, मुलांची आजारपणे, त्यांतल्या काहींचे मृत्यू — हे सारे सोसून त्या वाजवीत राहिल्या. पतीच्या रचना त्यांनी गावोगावी लोकांपर्यंत नेल्या. १८७८ पासून फ्रँकफुर्टच्या संगीत विद्यालयात अध्यापन केले. शेवटचा जाहीर कार्यक्रम १८९१ मध्ये झाला आणि २० मे १८९६ रोजी त्यांचे निधन झाले.

स्वतःची रचना मात्र १८५६ नंतर जवळजवळ थांबली. विसाव्या वर्षीच त्यांनी रोजनिशीत आपल्या रचनाशक्तीविषयी शंका नोंदविली होती. त्या शंकेला काळाची साथ होती आणि पुढे चरितार्थाचीही मिळाली. त्यांच्या कार्यक्रमांच्या जतन झालेल्या पत्रिका सुमारे तेराशे आहेत; छापील रचनांचे अनुक्रमांक मात्र २३ वर थांबतात. त्या त्रेपन्नाव्या नव्हे, छत्तिसाव्या वर्षी थांबल्या. मैफलीची बिदागी मैफलीनंतर हाती पडते; कोऱ्या कागदापुढे बसल्याची बिदागी सात मुलांच्या घराला कोण देणार?