डागांमागचे पाणी शोधणारा दंतवैद्य

मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले, की दंतवैद्य आज पिण्याच्या पाण्याचीही चौकशी करतात. या प्रश्नामागे डॉ. फ्रेडरिक मॅके यांची तीस वर्षांची चिकाटी आहे.

१८७४ मध्ये जन्मलेले मॅके पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पदवी घेऊन १९०१ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे व्यवसायासाठी आले. तेथील अनेकांच्या दातांवर चॉकलेटी डाग होते. दंतवैद्यकाच्या ग्रंथांत त्यांचा उल्लेख नव्हता. कोणी डुकराच्या मांसाला दोष देई, कोणी निकस दुधाला. मॅके यांचे मात्र त्याने समाधान झाले नाही.

१९०९ मध्ये त्यांनी ज्येष्ठ दंतशास्त्रज्ञ डॉ. जी. व्ही. ब्लॅक यांना या प्रश्नाकडे वळविले. त्याच वर्षीच्या पाहणीत गावात जन्मलेल्या सुमारे ९० टक्के मुलांचे दात डागाळलेले आढळले. हे डाग बाहेरून चढत नाहीत, तर बालपणी दात घडत असतानाच इनॅमलमध्ये दोष राहतो, हे या संशोधनातून स्पष्ट झाले. निर्दोष पक्के दात घेऊन आलेल्या प्रौढांना म्हणूनच धोका नव्हता. आश्चर्य म्हणजे, डागाळलेले दात सहसा किडत नसत.

१९१५ मध्ये ब्लॅक यांचे निधन झाले; मॅके यांनी शोध थांबविला नाही. १९२३ मध्ये आयडाहो राज्यातील ओकली गावात नव्या नळयोजनेनंतर मुलांचे दात डागाळू लागले होते. तपासणीत पाण्यात काहीच गैर आढळले नाही. तरीही मॅके यांनी तो झरा सोडून देण्याचा सल्ला दिला. गावाने तो मानला आणि काही वर्षांत मुलांना स्वच्छ दात येऊ लागले.

पाण्यातील दोषी घटक मात्र अज्ञातच होता. अ‍ॅल्युमिनियम उद्योगातील अल्कोआ कंपनीचे रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी १९३१ मध्ये तो हुडकला. तो होता फ्लोराइड. पुढे डॉ. ट्रेंडली डीन यांनी लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण बहुतेकांच्या इनॅमलला बाधक नसल्याचे दाखविले. १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराने दंतक्षय रोखण्यासाठी पाण्यात फ्लोराइड मिसळण्यास प्रारंभ केला. मॅके यांना हे यश पाहता आले. १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले.

यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. तेथे डाग झाकण्याचे उपचार दवाखान्यात होऊ शकतात. पुढच्या पिढीचे दात वाचवायचे, तर पाणीच बदलावे लागते. ओकलीने हेच केले होते.