ज्या हिशेबाने एडिसनचा बल्ब जिंकला, त्याच हिशेबाने तो घराबाहेर गेला

जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यातलं आष्टी असो की मुंबईचं दादर, इलेक्ट्रिकच्या दुकानात प्रश्न एकच पडतो. समोर स्वस्तातला पिवळा बल्ब असतो आणि शेजारी त्याच्यापेक्षा महाग ९ वॅटचा एलईडी. घ्यायचा कोणता?

दिव्याची किंमत नाही, तर प्रकाशाची किंमत मोजायची, ही रीत रुजवण्यात ज्याचा मोठा वाटा आहे तो माणूस म्हणजे थॉमस अल्वा एडिसन. गंमत म्हणजे तो पिवळा बल्ब त्याच्याच घराण्यातला.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान गावचा. शाळा काही महिन्यांतच सुटली. आई शिक्षिका होती, तिने घरीच शिकवलं. ऐकू कमी यायचं. बाराव्या वर्षी तो रेल्वेत पेपर विकायला लागला. पुढे एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला त्याने गाडीखाली येण्यापासून वाचवलं आणि त्या उपकाराच्या बदल्यात स्टेशनमास्तरने त्याला तारयंत्र शिकवलं. इथून त्याची विजेशी ओळख झाली.

१८७६ मध्ये त्याने मेन्लो पार्कला प्रयोगशाळा उभारली. पुढच्याच वर्षी फोनोग्राफ आला आणि एडिसनचं नाव जगभर झालं. १८७८ मध्ये तो दिव्याकडे वळला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. विजेचा दिवा सर्वात आधी एडिसनने लावला नाही. त्याच्याआधी कित्येकांनी प्रयत्न केले होते. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वानही कार्बनच्या तारेचा बल्ब बनवत होता. मग एडिसनने वेगळं काय केलं?

तर त्याने आधी गॅसचा हिशेब मांडला. तेव्हा शहरातल्या घरांत गॅसचे दिवे जळायचे. विजेचा दिवा त्यांच्या तोडीच्या खर्चात बसला नाही, तर कितीही चांगला असला तरी लोक तो घेणार नाहीत, हे त्याला कळत होतं.

खरी अडचण तांब्याची होती. पाणी कमी दाबाने सोडलं तर भरपूर पाण्यासाठी जाड पाइप लागतो, तसंच विजेचं आहे. जास्त करंट खाणाऱ्या दिव्यांसाठी तांब्याच्या जाडजूड तारा लागल्या असत्या आणि खर्च आवाक्याबाहेर गेला असता. एडिसनने गणितज्ञ फ्रान्सिस अप्टनला हाताशी धरून उलटा विचार केला. बल्बमधली तार बारीक आणि जास्त रेझिस्टन्सची ठेवली, की करंट कमी लागतो आणि तांबं वाचतं.

ऑक्टोबर १८७९ मध्ये कापसाच्या दोऱ्याचा कोळसा करून बनवलेली तार तेरा तासांहून जास्त जळली. नंतर जपानी बांबूची तार वापरल्यावर बल्ब हजार तासांच्या पुढे टिकू लागला. ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून वीज सुरू झाली, तेव्हा सुमारे ४०० दिवे लागले. वीज मोजायला त्याने मीटरही बनवला. त्यात द्रावणात बुडवलेल्या जस्ताच्या पट्ट्या असायच्या. त्यांचं वजन करून बिल काढायचं.

पण हाच हिशेबी माणूस एका ठिकाणी चुकला. त्याची डीसी वीज लांबवर नेणं परवडत नव्हतं, एसी वीज सहज जात होती. तरीही एसी किती धोक्याची आहे, याचा प्रचार तो करत राहिला. शेवटी एसी जिंकली. १८९२ मध्ये त्याची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन जनरल इलेक्ट्रिक झाली. नावातून एडिसन गेला आणि कारभारही हातातून सुटला.

१८ ऑक्टोबर १९३१ ला तो गेला. तीन दिवसांनी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्या आवाहनावरून अमेरिकेत ठिकठिकाणी मिनिटभर दिवे मंदावले.

आता त्याचाच हिशेब घरी लावून बघा. ६० वॅटचा पिवळा बल्ब रोज ५ तास लावला, तर वर्षाला साधारण ११० युनिट जळतात. त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त वीज नुसती उष्णतेत जाते. साधारण तेवढाच प्रकाश देणारा ९ वॅटचा एलईडी १६-१७ युनिटांत भागवतो. एका दिव्यामागे ९० हून जास्त युनिट वाचतात. आपला दर त्याला गुणला, की एलईडीचे जादा पैसे किती दिवसांत फिटतात ते कळतं. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत देशभर ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले, त्यामागचं गणित हेच होतं.

खोक्यावर वॅटबरोबर ल्युमेनही बघायचे. वॅट म्हणजे खर्च, ल्युमेन म्हणजे प्रकाश. कमी वॅटमध्ये जास्त ल्युमेन देणारा बल्ब चांगला. स्टार लेबल बघायचं. व्होल्टेज कमी-जास्त होत असेल, तर बल्ब किती व्होल्टपर्यंत चालतो तेही वाचायचं. चारी बाजूंनी बंद झुंबरात एलईडी तापतो आणि लवकर जातो, म्हणून हवा खेळेल असा दिवा घ्यावा.

आणि होल्डरही तपासायचा. आपल्याकडचा दोन पिनांचा बी-२२ इंग्रजांच्या वळणाचा. आट्यांचा असेल तर त्यावर ई-२७ लिहिलेलं असतं. त्यातला ई म्हणजे एडिसन. त्याचा बल्ब घराबाहेर गेला, पण त्याने पाडलेले आटे अजून नव्या एलईडीला धरून आहेत.