हवेतला ‘आळशी’ वायू शोधणारे विल्यम रॅमसे नसते, तर आज ‘आर्गन वेल्डिंग’ही नसतं

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की निफाडच्या पुढे विंचूर लागतं. द्राक्षांच्या या पट्ट्यात विंचूरला एमआयडीसीचा वाइन पार्क आहे. वाइन म्हटलं की आपल्याला बाटली आठवते. पण बाटलीत जाण्याआधी ती बहुतेक वेळा स्टेनलेस स्टीलच्या मोठ्या टाकीत असते.

ही टाकी म्हणजे पत्रे जोडून केलेलं भांडं. जोड काळा पडला, खडबडीत राहिला, तर तिथं जंतू ठाण मांडतात आणि न गंजणारं स्टीलही गंजायला लागतं. म्हणून असे जोड टिग वेल्डिंगने मारतात. वर्कशॉपमध्ये मात्र टिग हा शब्द कमीच ऐकू येतो. तिथं सगळे म्हणतात ‘आर्गन वेल्डिंग’.

आता मशीन सोडून गॅसचं नाव कामाला का पडलं? याचं उत्तर ज्या माणसाच्या आयुष्यात सापडतं, त्याचं नाव सर विल्यम रॅमसे.

रॅमसे यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५२ चा, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा. वडील इंजिनिअर, काका भूगर्भशास्त्रज्ञ. ग्लासगोत शिकून ते जर्मनीला गेले आणि १८७२ मध्ये ट्यूबिंगेनहून डॉक्टरेट घेऊन परतले. पुढे ब्रिस्टलला प्राध्यापक झाले आणि १८८७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्रमुख म्हणून आले.

त्यांची एक खासियत होती. काच फुंकून नळ्या आणि भांडी बनवण्यात त्यांचा हात बसलेला होता. प्रयोगाला लागणारं सामान ते स्वतः तयार करायचे. हाच हात पुढे कामी आला.

झालं असं की, लॉर्ड रॅले नावाचे शास्त्रज्ञ नायट्रोजनचं वजन मोजत होते. हवेतून काढलेला नायट्रोजन एका लिटरला साधारण १.२५७ ग्रॅम भरायचा, तर रसायनांपासून तयार केलेला १.२५० ग्रॅम. फरक अर्ध्या टक्क्याचा. दुसऱ्या कुणी मोजमापातली चूक म्हणून सोडून दिला असता. रॅले यांनी १८९२ मध्ये हे कोडं जाहीरपणे मांडलं आणि इतरांना विचारलं.

एप्रिल १८९४ मध्ये रॅमसे यांनी हे कोडं हाती घेतलं. त्यांनी हवेतून आधी ऑक्सिजन काढून टाकला. उरलेला वायू लाल तापवलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा फिरवला. तापलेलं मॅग्नेशियम महाभुकेलं असतं, ते नायट्रोजनसुद्धा गिळतं. फेऱ्या होत गेल्या तसा वायू कमी होत गेला आणि उरलेला जड होत गेला. शेवटी थोडासा वायू उरला, ज्याला मॅग्नेशियम काही केल्या खाईना.

त्यातून वीज सोडून प्रकाश तपासला, तर कुठल्याच माहीत असलेल्या वायूशी न जुळणाऱ्या रेषा दिसल्या. ऑगस्ट १८९४ मध्ये रॅले आणि रॅमसे यांनी ऑक्सफर्डला नवा वायू जाहीर केला. तो कशाशीच संयोग करत नाही, म्हणून ग्रीक भाषेतलं ‘आळशी’ या अर्थाचं नाव मिळालं, आर्गन. शंभर लिटर हवेत हा जवळपास एक लिटर असतो. म्हणजे माणूस जन्मापासून तो छातीत भरून घेत होता, पण पत्ता कुणालाच नव्हता.

रॅमसे तिथं थांबले नाहीत. १८९५ मध्ये त्यांनी एका खनिजातून हेलियम काढला. हा वायू तोवर फक्त सूर्याच्या प्रकाशातल्या एका पिवळ्या रेषेवरून माहीत होता. आपल्याकडे विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवून लॉकयर यांनी तिथूनच हेलियम पाहिला, असं सांगतात. प्रत्यक्षात १८६८ च्या त्या ग्रहणावेळी लॉकयर इंग्लंडमध्ये होते आणि ती रेषा त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथूनच पाहिली.

१८९८ मध्ये रॅमसे आणि त्यांचे सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवा उकळून काही आठवड्यांच्या अंतराने क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन हे तीन वायू शोधले. आवर्तसारणीत एक अख्खा नवा गट उभा राहिला. १९०४ मध्ये रॅमसे यांना रसायनशास्त्राचं आणि रॅले यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

रॅमसे भारतातही आले होते. मुंबईचे उद्योगपती जमशेदजी टाटा यांना विज्ञानाची मोठी संस्था काढायची होती. ती कुठे आणि कशी असावी हे ठरवायला १९००–०१ च्या हिवाळ्यात रॅमसे यांना बोलावण्यात आलं. देशभर फिरून त्यांनी बंगळुरूचं नाव सुचवलं. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले ते हेच ट्रॅव्हर्स.

पण बारीक फरकावर विश्वास ठेवण्याची सवय रॅमसे यांना एकदा नडलीसुद्धा. १९०७ च्या सुमारास त्यांना वाटलं की किरणोत्सारामुळे तांब्यापासून लिथियम तयार होतं. मेरी क्युरी आणि एलेन ग्लेडिच यांनी काचेऐवजी प्लॅटिनमचं भांडं घेऊन तोच प्रयोग केला, तेव्हा लिथियम दिसलाच नाही. तो काचेतून येत होता. आर्गनच्या वेळी बारीक फरक खरा निघाला, इथं तो भांड्याचा मळ निघाला.

१९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि २३ जुलै १९१६ रोजी नाकाच्या कर्करोगाने गेले. त्यांच्या वायूने धातू जोडता येतील, हे बघायला ते राहिले नाहीत.

ती वेळ आली दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप कंपनीला मॅग्नेशियमची विमानं बनवायची होती. पण उघड्या हवेत वेल्डिंग केलं की मॅग्नेशियम पेट घ्यायचं. तिथले रसेल मेरेडिथ यांनी टंगस्टनची कांडी घेतली, तिच्याभोवती हेलियमचा झोत सोडला आणि त्या आडोशात आर्क पेटवला. १९४२ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. नंतर स्वस्त आणि जड असलेल्या आर्गनने हेलियमची जागा बहुतेक ठिकाणी घेतली.

गंमत बघा. १८९४ मध्ये मॅग्नेशियमने जे खायला नकार दिला, त्याच वायूने पुढे मॅग्नेशियमचा जोड राखला.

रॅमसे यांना आर्गनचे दोन गुण सापडले होते, आळशी आणि जड. टिगचं सामान घेताना हे दोन गुण लक्षात ठेवले तर निम्मी निवड तिथंच होते.

आळशी आहे म्हणून तो तापलेल्या धातूला हात लावत नाही. पण त्यात थोडी हवा शिरली की खेळ संपला. म्हणून फक्त मशीनचे अँपिअर बघून पैसे मोजू नयेत. वेल्डिंगसाठीचा शुद्ध आर्गन, फ्लोमीटर, न गळणारी नळी आणि टॉर्चला गॅस लेन्स, यांचाही हिशोब धरावा. टिगला कार्बन डायऑक्साइड मिसळलेला गॅस चालत नाही. आर्क विझल्यावरही काही सेकंद गॅस चालू ठेवणारी सोय मशीनमध्ये हवी, नाहीतर गरम जोड आणि टंगस्टन दोन्ही काळे पडतात. टाकीच्या जोडाला मागच्या बाजूनेही आर्गन द्यावा लागतो.

करंटचं गणित सोपं आहे. स्टेनलेसला डीसी मशीन पुरतं. पत्र्याच्या प्रत्येक मिलिमीटरला ढोबळमानाने ३५ ते ४० अँपिअर धरले, तर ३ मिलिमीटरसाठी १२० च्या आसपास लागतात. म्हणजे २०० अँपिअरचं मशीन आरामात चालेल, फक्त त्या करंटवर ते सलग किती वेळ चालतं हे विचारून घ्यावं. ॲल्युमिनियमचंही काम येणार असेल तर एसी-डीसी मशीन घ्यावं, कारण त्यावरचा ऑक्साइडचा थर एसीच फोडतो.

दुसरा गुण जडपणाचा. आर्गन हवेपेक्षा सुमारे ३८ टक्के जड आहे, म्हणून तो जोडावर बसून राहतो. पण टाकीच्या आत काम असेल तर तो तळाशीही साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. ऑक्सिजन हटला की माणसाला गुदमरल्याचंही कळत नाही आणि एक-दोन श्वासांत तो कोसळू शकतो. त्याला काढायला घाईने उतरलेला दुसराही तिथंच पडतो.

म्हणून टाकीत उतरण्याआधी ब्लोअर लावावा, ऑक्सिजन मीटरने हवा तपासावी आणि बाहेर एक माणूस उभा ठेवावा. जेवायच्या सुट्टीत टॉर्च आत सोडू नये, सिलिंडरचा वॉल्व्ह बंद करावा. मशीनच्या कोटेशनमध्ये ऑक्सिजन मीटर सहसा नसतो. तो वेगळा मागून घ्यावा.